रुपया आणि मोबाइल

महोदय,

परवा आमच्या मैदानावर एक बाबा दहा वर्षांच्या मुलाला ओरडून सांगत होते, 'पन्नास कर, मोबाइल घेतो!' पोरगं ४८ वर उंच फटका मारून बाद झालं आणि बॅट आपटून रडत बसलं. आचरेकर सर सरावात सचिनच्या यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद करणाऱ्याला ते मिळे, नाबाद राहिला तर सचिनला. आमिषच म्हणा, पण रुपयाचं मोल ते किती? तरी सचिनने अशी १३ नाणी जपून ठेवली. ती खेळाची पावती होती, मजुरी नव्हे. आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल केलं की गोडी घटते, हे अमेरिकेत १९७३ सालीच प्रयोगातून दिसलं. पालकांनी निदान डाव संपेपर्यंत तरी गप्प बसावं.

– एक क्रिकेटप्रेमी, डोंबिवली