टॅरंटुलावाल्या काकांना एक मोठ्ठं थँक यू

काका, नमस्कार. फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि लगेच माती कितपत ओली आहे ते विचारता, म्हणून हे लिहूनच टाकतेय, तेही सगळ्यांसमोर, म्हणजे टाळता येणार नाही. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण इकडे अ‍ॅरिझोनात फिनिक्सच्या गणपतीत येणारे ओळखतीलच, आरती झाली की पोरांच्या घोळक्यात कोळ्यांच्या गोष्टी सांगत बसणारे काका एकच आहेत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही टुसॉनला राहतो. मागच्या वर्षी शेजारी घर विकून गेले आणि जाताना त्यांची टॅरंटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, टाकीसकट आमच्या लेकाला देऊन गेले. अ‍ॅरिझोना ब्लाँड, इकडच्या वाळवंटातलीच जात, शास्त्रीय नाव अ‍ॅफोनोपेल्मा चाल्कोडेस. अगदी गरीब जनावर, रातकिडा दिला की खायचं आणि गप्प बसायचं, आमच्या घरात एवढं शहाणं दुसरं कोणी नाही. उन्हाळा लागला तसं तिने खाणं सोडलं, बिळाच्या तोंडाला जाळं विणून आत गडप झाली, आम्हाला वाटलं कात टाकणार असेल, आणि मग एक दिवस बाहेर आली ती पोटाशी पांढरा गोळा धरून. अंड्यांची पिशवी! घरात नर नाही, कधी नव्हता, मग हे आलं कुठून?

मी नेटवर वाचायला बसले तर एक म्हणतो पिशवी लगेच काढा, दुसरा म्हणतो हात लावलात तर आई खाऊन टाकेल, तिसरा म्हणतो अंडी पोकळच असणार, फ्रीझरमध्ये टाका. तेव्हा तुम्हाला फोन केला. आणि काका, तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात तर, "तिने शेवटची कात कधी टाकली?" लेकाच्या वहीत होतं, आमच्याकडे आल्यापासून एकदाही नाही. मग तुम्ही त्याला, मला नाही हं, त्याला, समजावून सांगितलंत की इकडे पावसाळ्यात जे टॅरंटुला रस्ता ओलांडताना दिसतात ते बहुतेक नर, माद्यांची बिळं शोधत फिरणारे, आणि मादी एकदा भेटलेल्या नराचं बीज पोटातल्या पिशवीत कित्येक महिने जपून ठेवू शकते, पण कात टाकली की त्या पिशवीचं अस्तरसुद्धा कातेबरोबर निघून जातं आणि हिशेब पुन्हा शून्यावर. ही तर शेजाऱ्यांनी पाळीव प्राण्यांच्या एक्स्पोतून मोठी झालेलीच घेतली होती, म्हणजे बहुतेक रानातून पकडलेली. आठ वर्षांच्या पोराशी कुणी इतक्या सरळपणे बोललेलं मी पाहिलं नव्हतं, त्याला तुम्ही एकदाही "बाळा, मोठा झालास की कळेल" म्हणाला नाहीत.

पुढचा महिना तुमचा एकच मंत्र, काही करू नका. पिशवी आईजवळच राहू दे, ती स्वतः फिरवत राहते म्हणून अंडी एकमेकांना चिकटत नाहीत, आणि जास्त त्रास झाला तर ती पिशवी खाऊन टाकते. टाकीवर टॉवेल टाकला, पाणी तेवढं भरायचं, आणि त्या भिंतीपलीकडे मिक्सर लावायचा नाही. आमच्याकडे महिनाभर चटणी खलबत्त्यात झाली, नवऱ्याला विचारा, तोच कुटत होता. खरं सांगायचं तर मला काहीतरी करायला दिलं असतंत तर सोपं गेलं असतं, नुसतं थांबणं फार अवघड.

मग तुम्ही स्वतः आलात. जूनच्या उन्हात, फिनिक्सहून जवळपास दोन तास गाडी चालवत, सोबत कूलर आणि एक जुना चपलांचा खोका, त्यात तुमचं सगळं सामान. ते पिशवी काढणं मी विसरणार नाही. ती बाई पुढचे पाय उचलून उभी राहिली, तुम्ही मध्ये प्लास्टिकचा कप धरलात आणि लांब चिमट्याने गोळा अलगद बाहेर, तिने मागच्या पायांनी पाठीवरचे केस उडवले ते तुमच्या मनगटाला लागले आणि तुम्ही खाजवत खाजवत लेकाला सांगताय, "बघ, ह्यांचं हत्यार हे, चावायची वेळ क्वचित येते." आणि लगेच तिच्यासाठी पाणी आणि रातकिडा मागितलात, म्हणालात आधी बाळंतिणीचं बघा.

भरतकामाच्या कात्रीने पिशवी उघडली. आत साबुदाणा भिजवून ठेवावा तसे दाणे, आणि नीट बघितलं तर प्रत्येकाला पाय! पारदर्शक, अंगाला दुमडलेले. लेक ओरडलाच. काही अंडी काळपट पडलेली, ती तुम्ही ब्रशने एकेक वेगळी केलीत, कारण एकाला बुरशी धरली की शेजारच्यांना लागते. आणि तो डबा, म्हणजे बाहेरच्या डब्यात तळाला पाणी, आतल्या वाटीत ताणून बसवलेला कॉफी फिल्टर, त्यावर ही मंडळी, आणि झाकण तिरकं, का तर वाफेचे थेंब कडेला ओघळावेत, पिल्लांवर पडले तर ती बुडून मरतात. टुसॉनच्या जूनमध्ये हवा इतकी कोरडी असते की धुतलेले कपडे तासाभरात वाळतात, हे आमचं आम्हाला सुचलं नसतं. सव्वीस-सत्तावीस सेल्सियस धरून ठेवा म्हणालात, लेकाने थर्मामीटरवर अक्षरशः पहारा दिला.

पुढच्या काती आम्ही व्हिडिओ कॉलवर तुमच्यासोबतच पाहिल्या. आधी फिकट, बोजड पोटाची, धड चालताही न येणारी, पोटातल्या बलकावर जगणारी, तेव्हा खायला द्यायचं नाही. मग आणखी एक कात, आणि एकदम छोटे टॅरंटुलाच की, तीन-चार मिलिमीटरचं अंग, पोटावर काळा ठिपका, तुरुतुरु पळणारे. त्यानंतर मात्र वेगळं करणं आलंच, नाहीतर एकमेकांना खातात. तुम्ही दुसऱ्यांदा आलात, डायनिंग टेबलवर सॉसचे छोटे कप मांडले, झाकणांना तापवलेल्या सुईने भोकं, आत नारळाचा भुसा, पेन्सिलीने एक खळगा, आणि वॉटरकलरच्या ब्रशने एकेकाला आत ढकलायचं. संध्याकाळ झाली. दोनशेच्या वर निघाले, नंतर मी मोजणं सोडून दिलं.

साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, इथलेच किडे ना, मग द्या की रानात सोडून. मलाही ते बरोबर वाटलं होतं. तुम्ही त्यांनाच कॉलवर घेतलंत आणि सांगितलंत, "वहिनी, इकडे डोंगर बदलला की जात बदलते." 2016 मध्ये अमेरिकेतल्या या कुळाचा मोठा अभ्यास छापून आला त्यात चौदा नव्या जाती निघाल्या, त्यातली एक आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या सांता कॅटालिना डोंगरावरची. ही मादी कुठून पकडलेली ते कुणालाच माहीत नाही, शिवाय घरातल्या टाकीतला रोग रानात गेला तर? सासूबाईंना पटलं. मला सहा महिन्यांत एक गोष्ट त्यांना पटवता आलेली नाही, ते वेगळं.

म्हणून बहुतेक पिल्लं तुम्ही कूलरमध्ये घालून नेलीत आणि ओळखीच्या पाळणाऱ्यांना दिलीत, पैसे न घेता, पण प्रत्येकाला आधी दहा प्रश्न विचारून. डझनभर आमच्याकडे ठेवलीत. आणि जाताना लेकाला स्पष्ट सांगितलंत की यातली काही मरतील आणि त्यात तुझी चूक नसेल. दोन गेली. तो रडला, पण हादरला नाही, कारण त्याला आधीच कुणीतरी खरं सांगितलं होतं. काका, माझं थँक यू मुख्यतः ह्यासाठी आहे.

यातलं एखादं पिल्लू मादी निघालं तर पंचवीस-तीस वर्षं जगेल हे ऐकून नवरा दोन मिनिटं काही बोलला नाही. नर असेल तर मोठं व्हायलाच आठ-दहा वर्षं आणि त्यानंतर फार दिवस नाही. म्हणजे कॉलेजला जाताना हा पोरगा हे सगळं माझ्या गळ्यात घालून जाणार, दिसतंयच.

बाकी सगळे बिनपंखी फ्रूट फ्लाय खातायत, उरलेलं आम्ही दुसऱ्या दिवशी काढतो, मातीची एक बाजू ड्रॉपरने ओली ठेवतो. सात नंबरच्या कपातल्या पिल्लाचं पोट टम्म झालंय आणि त्याने बिळाचं तोंड बंद करून घेतलंय. लेक विचारतोय की खणून बघू का, जिवंत आहे का ते. मी तुमच्या वतीने नाही म्हणून सांगितलंय, पण त्याला ते तुमच्याकडूनच ऐकायचंय, तेव्हा रविवारी जमलं तर फोन करा.