मध्याला, आईच्या पुडीबद्दल

प्रिय मध्या,

तुझ्या दोन पत्रांना आठ महिने उत्तर दिलं नाही. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू आहे.

कारण आई. घरात बोलता येत नाही, पुडी मीच आणली होती.

तिचा वात तुला ठाऊकच. सकाळी तासभर बोटं उघडत नाहीत. दिवाळीत सांडशी धरवेना. वातावरची मेथोट्रेक्झेट सुरू होती, आठवड्यातून एकदाच, 'मंगळवारची गोळी'. पण बुधवारभर मळमळायचं. 'हे विषच आहे रे,' म्हणायची. तेवढ्यात कोणीतरी एका वैदूचं सांगितलं. गाडी काढली अन् रद्दीच्या कागदात बांधलेल्या साठ पुड्या घेऊन आलो. भुरकट, कडसर. आधी मी जिभेवर लावून पाहिली.

तिसऱ्या दिवशी आईने पाटवड्या केल्या बे! स्वतः थापल्या. ताटात तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, मी ते पाहतच बसलो. त्याच आठवड्यात मंगळवारची गोळी बंद केली.

चौथ्या महिन्यात तोंड गोल झालं. आमची पोट्टी म्हणे, आजी गुबगुबीत झाली. साखर 280! डॉक्टरीणबाईंनी पुडी चिमटीत चोळली. म्हणाल्या, असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं पुष्कळदा सापडतं, अन् इतक्या लवकर आराम पडला म्हणजे बहुतेक तेच. मी म्हटलं, आजच फेकतो. तर ओरडल्याच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आता स्टेरॉइडच्याच मोजून गोळ्या, हळूहळू कमी करत. दुखणं दबलं होतं, रोग चालूच होता. मनगटाचं हाड कुरतडलेलं एक्स-रेत दिसतं मध्या, ते आता भरून यायचं नाही.

मंगळवारची गोळी पुन्हा सुरू झाली. अन् मळमळीला काय, फॉलिक ॲसिडची गोळी दिली, बरंच कमी झालं. 'मळमळतं' एवढंच मी आधी जाऊन सांगायला पाहिजे होतं.

तेव्हापासून काकूंची चुंबकाची गादी डोक्यातून जात नाही. 'शिकलेला माणूस हप्त्याने लोहचुंबक घेतो,' असं फुटाळा तलावावर चारचौघांत बोललो होतो तुला. दीड वर्ष अबोला. गादीत दम नव्हता हे आजही म्हणेन, तुझं एचएमटी घड्याळ तेवढं तिच्यावर बंद पडलं! पण तू ती काहून आणली, ते आता कळलं. रात्री आई कण्हत असली की माणूस काहीही आणतो. ते शब्द परत घेतो.

बाईंनी सगळंच मोडीत काढलं नाही. मेणाचा शेक, बोटांचे व्यायाम चालतात. माशाच्या तेलाने दुखणं थोडं हलकं होतं म्हणाल्या, तर आईने नाकाला पदर लावला. पण हे सारं मंगळवारच्या गोळीसोबत, तिच्या जागी नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा मोतीबिंदू? कळव.

मारबतीच्या सणाला ये. आई अजून विचारते, 'ती पुडी आण ना रे, तिनंच पाटवड्या झाल्या.' पुडीत काय होतं ते मी तिला सांगितलेलं नाही, तोंडच उघडत नाही. तुझं ती ऐकते. मी शेजारी बसेन, तू सांग.

तुझाच,
बाळ्या