डाग तसाच ठेवल्याबद्दल आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमचं जुनं कॉमिक्सचं पान तुम्ही हाती घेऊन सावरून दिलंत आणि त्याचा आमच्याकडून एक पैसाही घेतला नाहीत. विचारलं की म्हणता, "मी केलंच काय?" तेव्हा काय केलंत ते आता लिहूनच कळवते, आणि तेही उघड पत्रात. कॉमिक्सची मूळ पानं, म्हणजे ज्यांवरून अंक छापला गेला ती हाताने काढलेली पानं, जोडीने जमवणारे आम्ही दोघंच थोडेच आहोत? जी जोडपी या नादात पडली आहेत किंवा पडू पाहताहेत, त्यांच्याही कामाचं यात काही निघेल. नाव छापायचं नाही ही तुमची अट, ती पाळली आहे. नवऱ्याने मजकूर वाचून दोन ठिकाणी हरकत घेतली. एक मान्य केली.

आम्ही तुमच्याकडे पान घेऊन आलो असं तुम्हाला वाटलं असेल. खरं तर आम्ही भांडण घेऊन आलो होतो. सत्तरच्या दशकातल्या एका अमेरिकी कॉमिक्सकथेचं ते शेवटचं पान. सहा चौकटी, नायक एकाच चौकटीत आणि तोही पाठमोरा. खालच्या कडेला 'पुढील अंकात'ची पट्टी चिकटवलेली, तिच्याभोवती रबर सिमेंटचा, म्हणजे ती चिकटवायच्या डिंकाचा, तपकिरी डाग. चौथ्या चौकटीतला संवादाचा फुगा निखळलेला, तो वेगळ्या पाकिटात. समासात फिकट निळ्या पेन्सिलीची टिपणं, चित्रातल्या एका हातावर पांढऱ्या रंगाचा जाड थर. नवऱ्याचं म्हणणं, डाग काढा, समास पुसा, फुगा जागेवर चिकटवा. पान छापील अंकासारखं दिसलं पाहिजे, कारण त्याचं प्रेम त्या कथेवर. माझं म्हणणं, कशालाच हात लावू नका. मला कथेशी फारसं देणंघेणं नाही. मला शाईची रेघ बघायची असते, आणि ती जितकी उघडीवाघडी तितकी बरी.

तुम्ही कुणाचंच म्हणणं ऐकून घेतलं नाहीत. आधी फूटपट्टी काढलीत. ११ बाय १७ इंचांचा ब्रिस्टल बोर्ड, म्हणजे चित्रकारांचा जाड कागद, त्यावर १० बाय १५ च्या आसपास चित्र. १९६७ च्या सुमाराआधीचं अमेरिकी पान याहून बरंच मोठं असतं, तेव्हा पान सांगितलंय त्या काळाशी जुळतंय, एवढं म्हणालात आणि पान उलटं केलंत. आम्ही ते विकत घेतल्यापासून मागची बाजू नीट पाहिलीच नव्हती, कारण आमचं सगळं भांडण पुढच्या बाजूवर होतं. मागे कॉमिक्स कोडचा शिक्का. १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेल्या त्या नियमावलीखाली हे पान छपाईआधी तपासायला गेलं होतं आणि मंजूर होऊन परत आलं होतं. शेजारी पेन्सिलीने लिहिलेला कामाचा क्रमांक. म्हणजे हे पान चित्रकाराच्या टेबलावरून थेट भिंतीवर यायला जन्मलंच नव्हतं. कचेरीत, छापखान्यात हाताळायचं, छायाचित्र घेतलं की काम संपलं अशी ती वस्तू होती.

मग दिवा अगदी बाजूने, आडवा धरलात. तो अर्धा तास मी विसरणार नाही. शाईखाली पेन्सिलीच्या खाचा दिसायला लागल्या. पेन्सिलवाल्याने (आधी पेन्सिलीने चित्र काढणाऱ्याने) काय काढलं आणि शाईवाल्याने (त्यावर शाईने रेघ ओढणाऱ्याने) त्यातलं काय घेतलं, काय सोडलं, हे ओळीने दिसत गेलं. नायकाच्या कोटाच्या काळ्या भागात बारीक फुल्या होत्या: 'इथे पूर्ण काळं भर' असा पेन्सिलवाल्याचा शाईवाल्याला निरोप. निळी टिपणं तशीच का राहिली, तर छपाईच्या कॅमेऱ्याची फिल्म फिकट निळा टिपतच नसे, त्यामुळे पुसायची गरज नव्हती. नवरा पुसायला निघाला होता तो नेमका एका कामगाराने दुसऱ्याला लिहिलेला मजकूर.

फुग्याचं तर काय सांगू! आम्ही दोघंही धरून चाललो होतो की फुगा मूळचा आहे आणि गळून पडलाय. तुम्ही चौथ्या चौकटीत बोट न टेकवता दाखवलंत की त्या जागी खाली आणखी एक फुगा आहे, थेट बोर्डावरच लिहिलेला. त्या काळी आधी पेन्सिल, मग अक्षरं, मग शाई असा क्रम असे, म्हणून कुंचल्याची रेघ त्या जुन्या फुग्याच्या कडेशी येऊन थांबते. पाकिटातला फुगा हा नंतर, कुणीतरी संवाद बदलल्यावर वरून लावलेला कागद. जुन्या फुग्यात ती बाई आपण का निघालो याची कारणं सांगत राहते. नव्यात ती एवढंच विचारते की तू येतोस का. अंक छापून आला तो नव्या वाक्यासह. नवऱ्याला तेच वाक्य हवं होतं, मला खालचं दिसायला हवं होतं, आणि तोवर आम्हाला हे माहीतच नव्हतं की आपण दोन वेगवेगळ्या फुग्यांसाठी भांडतोय.

तुम्ही जे केलंत ते करायला फार वेळ लागला नाही, पण ते सुचायला काय लागतं याचा आम्ही अजून विचार करतो. नव्या फुग्याला वरच्या कडेला जपानी कागदाची बारीक बिजागरी लावलीत, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. हवं तेव्हा किंचित ओलाव्याने सोडवता येईल अशी. फुगा खाली ठेवला की पान अंकात होतं तसं, अलगद उचलला की आधी होतं तसं. डागाच्या बाबतीत मात्र तुम्ही ठाम होतात. रबर सिमेंट जुनं झालं की चिकटपणा सोडतं, तपकिरी पडतं आणि कागदाच्या धाग्यांत उतरतं. द्रावक लावून ते ओढायला गेलं तर डाग पसरायची भीती, शेजारचा पांढरा रंगही हलू शकतो. वरवरचं चिकट तेवढं क्रेप रबराने उचललंत आणि थांबलात. "हा डाग म्हणजे पट्टी इथे होती याचा पुरावा आहे," असं म्हणालात. नवऱ्याने तो निर्णय इतका सहज स्वीकारला की मला जरा रागच आला. हेच मी आठवडाभर सांगत होते!

त्याआधी एका फ्रेमवाल्याने आम्हाला सुचवलं होतं की पान गरम दाबाने पुठ्ठ्यावर पक्कं चिकटवून टाकू, लाटा पडणार नाहीत. दिसायला झकास, पण एकदा केलं की सुटका नाही. तुमच्याकडे आलो नसतो तर बहुधा हो म्हणालो असतो, कारण तेव्हा दोघांनाही तो तोडगा पटायला लागला होता. भांडून थकलेली माणसं कशालाही हो म्हणतात.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. मला ती पानापेक्षा मोठी वाटते. निघताना तुम्ही आमच्या संग्रहातल्या पानांची नोंदवही मागून घेतलीत. आकार, साधन, पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, कुणाकडून घेतलं, पावती, दोन्ही बाजूंचे फोटो, सगळं होतं. शेवटी 'का घेतलं' असा एक रकाना होता आणि त्यात सगळीकडे मधलं काहीतरी लिहिलेलं, म्हणजे दोघांनाही चालेल असं. तुम्ही विचारलंत, "घेणारे दोघं आहात ना? मग रकाना एकच का?" त्या दिवसापासून रकाने दोन आहेत. पान समोर असताना प्रत्येकाने आपापलं लिहायचं, दुसऱ्याचं न वाचता, आणि पैशांचं बोलणं त्यानंतर.

हे लिहायला सोपं, पण बाहेरचा सगळा बाजार याच्या उलट दिशेला ओढतो. मुखपृष्ठ असेल, पानभर एकच चित्र असेल, प्रसिद्ध नायक ठळक दिसत असेल, तर भाव चढतो. २०२२ च्या जानेवारीत माईक झेक यांनी काढलेलं १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स' या कॉमिक्समालिकेच्या आठव्या अंकातलं एकच आतलं पान लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं, कारण स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचा जन्म त्या पानावर होतो. अशा बातम्या वाचून माणूस आपल्याला काय आवडतं ते विसरतो आणि इतरांना काय आवडेल ते विकत घ्यायला लागतो. त्यातून जोडप्यात एक गंमत होते: दोघंही एकमेकांच्या समजुतीसाठी बाजाराच्या आवडीवर येऊन थांबतात, कारण तिथे कुणालाच हार मानावी लागत नाही. आमचे जुने एकेरी रकाने वाचले की हे सरळ दिसतं.

दोन रकान्यांमुळे काय झालं याचं एक उदाहरण देते. हल्ली बऱ्याच पानांची दोन मूळ रूपं असतात. पेन्सिलवाला आपलं पान स्कॅन करून पाठवतो, शाईवाला ते फिकट निळ्यात कोऱ्या बोर्डावर छापून घेतो आणि त्यावर शाई करतो. एकाकडे नुसती पेन्सिल, दुसऱ्याकडे नुसती शाई, अक्षरं तर बहुतेकदा संगणकावर, म्हणून दोन्हीकडे फुगे नाहीत. असंच एक पान दोन्ही रूपांत विकायला आलं होतं आणि आमच्याकडे पैसे एकापुरते. कुणीही पैज लावली असती की मी शाईसाठी हटून बसणार. बसलेही होते. वही उघडली तर नवऱ्याने पेन्सिलीच्या पानाबद्दल अख्खा रकाना भरला होता: मुलीची मान आधी उजवीकडे होती ती खोडून डावीकडे का वळवली, त्याने पुढच्या चौकटीकडे नजर कशी जाते. माझ्या रकान्यात शाईबद्दल लिहिलं होतं, "काळा छान." पेन्सिल घेतली. त्या मानेकडे मीच जास्त वेळ बघते, हे त्याला माहीत आहे, पण तो बोलून दाखवत नाही.

पान आलं कुठून, हा प्रश्नही तुम्हीच आमच्या डोक्यात घातलात. पूर्वी अमेरिकेतले बरेच प्रकाशक मूळ पानं चित्रकारांना परत देत नसत. कितीतरी फाडली गेली, कुणाकुणाला वाटली गेली, गोदामांतून नाहीशी झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या प्रकाशकांनी परत द्यायला सुरुवात केली, तीही पेन्सिलवाला आणि शाईवाला यांच्यात वाटून, त्यामुळे एका कथेची पानं तेव्हापासूनच दोन घरांत विखुरली. जॅक कर्बींसारख्या नामांकित अमेरिकी कॉमिक्स-चित्रकाराला आपल्या जुन्या पानांसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं आणि १९८७ मध्ये मिळाली ती त्यांनी काढलेल्यांतली थोडीच. तेव्हापासून आम्ही विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारतो की चित्रकाराच्या हातून हे पान कुणाकडे गेलं. उत्तर देताना जो वैतागतो, त्याच्याकडून घेत नाही. यात दोघांचं एकमत आहे, याला रकाना लागला नाही.

उजेडाबद्दल तुम्ही सांगितलेलं सगळं केलंय. काच पानाला टेकत नाही, मधला माउंट (पुठ्ठ्याची चौकट) आम्लरहित आहे, काच अतिनील किरण अडवणारी. कार्बनची शाई टिकते पण मार्करचा रंग उडतो, आणि झालेलं नुकसान पान नंतर अंधारात ठेवून भरून निघत नाही, हे ऐकल्यावर मार्करने रंगवलेलं ते सही केलेलं स्केच भिंतीवरून उतरवलं. नवरा दोन दिवस हिरमुसला होता. आता भिंतीवरची पानं आलटून पालटून बदलतो, आणि कुठलं लावायचं हे ज्याची पाळी तो ठरवतो. दुसऱ्याने नाक मुरडायचं नाही असा नियम आहे. तो पाळला जातोच असं नाही.

तुमचं ते बिजागरीचं पान मात्र भिंतीवर लावलेलंच नाही. काचेमागे गेलं तर फुगा उचलणार कसा? ते सपाट पेटीत असतं, आणि कुणी जाणकार आलं की काढतो. फुगा उचलायचा मान तुमच्या सूचनेप्रमाणे ज्याचे हात कोरडे आणि स्वच्छ त्याला.

एक विचारायचं राहिलं. नव्याने एक पान बघतोय, त्यावर ठिपक्यांची चिकट फिल्म लावून करडी छटा दिली आहे. फिल्म पिवळी पडलीय, आकसून कडांना शाईपासून सरकलीय, एका ठिकाणी सुटतेय. नवऱ्याने आपल्या रकान्यात लिहिलंय की रात्रीचा प्रसंग त्या ठिपक्यांवरच उभा आहे, ती गेली तर रात्र जाईल. मी लिहिलंय की फिल्म सरकल्यामुळे खालची रेघ पहिल्यांदाच मोकळी दिसतेय. विक्रेता महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. त्याआधी पान घेऊन आलो तर दिवा आडवा धरून एकदा बघाल का? दोघांचे रकाने सोबत आणू, हवं तर आधी ते वाचा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
शाईवाली
(आणि शेजारच्या रकान्यातला कथावाला)