लॅक्स्टनचे बांध

ती. आई व बाबा यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांची बांधावरून भांडणे होतात का, असे बाबांनी विचारले होते. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहितो.

नॉटिंगहॅमच्या ईशान्येस, मोटारीने तासाभराच्या आत, लॅक्स्टन नावाचे खेडे आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती ज्या पद्धतीने होत असे, ती येथे अजून चालू आहे. गावाभोवती वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी राने असून त्यांत कुंपण नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या आहेत, त्यामुळे चांगली आणि हलकी जमीन सर्वांच्या वाट्याला येते. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचे पीक आणि तिसरे पड, असा फेरा दर वर्षी पुढे सरकतो. पड रानात आता बहुधा चाऱ्याचे गवत असते.

इतरत्र ही पद्धत मोडली गेली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने सामाईक जमिनींना कुंपण घालण्याचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सामाईक राने व गायराने एकेका मालकाच्या ताब्यात गेली. गरिबाची गाय चरायची जागा त्यात गेली, हे येथील लोक फारसे बोलून दाखवत नाहीत. लॅक्स्टन वाचले ते दोन मोठ्या जमीनदारांचे आपसांत जमले नाही म्हणून, असे सांगतात. पुढे १९५२ मध्ये ही मालमत्ता कृषी मंत्रालयाने घेतली, १९८१ मध्ये ती ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राऊन इस्टेट या संस्थेकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे गेली. शेतकरी मात्र कुळेच राहिले. १६३५ मध्ये मार्क पिअर्स याने केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि त्यात पट्ट्यान् पट्ट्या दाखवलेल्या आहेत. पुढे पुष्कळ पट्ट्या एकत्र केल्या गेल्या, तरी त्या नकाशावरून आजच्या वाटा ओळखता येतात.

आता बांधाविषयी. नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी गावाने नेमलेले पंच नव्याने गहू पेरलेल्या रानाची पाहणी करतात. मी एका वर्षी कडेला उभा राहून ते पाहिले. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून उतरून ही मंडळी चिखलातून पट्टीच्या टोकापर्यंत चालत गेली. जुनी खूण कोठे असावी यावर थोडी घासाघीस झाली, मग एकाने लाकडी खुंटी धरली आणि दुसऱ्याने ती ठोकून बसवली. नांगर रस्त्यावर किंवा 'साइक' म्हणतात त्या सामाईक गवताच्या पट्टीत घुसला असेल, तर त्याची नोंद होते. आपल्याकडे बांध कोरतात तसाच हा प्रकार, एक वीत आज आणि एक वीत पुढच्या वर्षी. फरक एवढाच की येथे पाहणी करणारे स्वतःच शेतकरी असतात आणि ज्याची चूक निघाली, तो पुढच्या वेळी पंच असू शकतो.

नंतरच्या आठवड्यात गावच्या डव्हकोट इन या खानावळवजा मद्यगृहात 'कोर्ट लीट' म्हणजे जुन्या जमीनदारी पद्धतीतले गावचे न्यायालय भरते. इस्टेटचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, पंचांनी ठरवलेला दंड वाचला जातो आणि पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात. दंड नाममात्र असतो, पण चारचौघांत नाव घेतले जाणे कोणालाही आवडत नाही. आपल्या चुलत्यांबरोबरचा दावा इतकी वर्षे तालुक्याला खितपत पडला आहे, हे आठवून मला त्यांचा हेवा वाटला.

या गावाचे रूप फार देखणे आहे असे मी म्हणणार नाही. लाल विटांची घरे, त्यांना लागून गोठे व कोठारे, आणि वाड्यांची तोंडे मुख्य रस्त्याकडे. घर शेतात नाही, गावात आहे, ही गोष्ट आईला ओळखीची वाटेल. शेती करणारी घरे आता मोजकीच उरली असून बाकीचे लोक कामासाठी बाहेर जातात. साइकमधल्या गवताचा लिलाव होतो, हे ऐकून मला आपल्या गायरानाची आठवण झाली. आजोबांच्या काळी गवताची बोली कोण लावत असे आणि तो पैसा कोणत्या कामाला जाई, हे बाबांनी कळवावे. मी येथील लोकांना सांगेन.

आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे.

आपला,
सुहास