चाळ पाडायच्या आधी टेप काढा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श चर्चच्या भिंतीवर मधूनच काळे दगड का, असं विचारलंत ना? ते मूळचे आहेत. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बफेकीत आग लागली, तापलेले आतले खांब खचले आणि घुमट कोसळला. चर्च पुन्हा बांधण्यासाठी १९९३ पासून ढिगारा उपसला, तेव्हा कुठला दगड कुठे सापडला हे टिपून ठेवलं. पडल्या जागेवरून त्याची भिंतीतली जागा ताडता येते. त्या वालुकाश्मात लोह आहे, त्यामुळे नवे दगडही हळूहळू काळे पडतील.

पण चाळीपुरती कामाची गोष्ट पोलंडच्या राजधानीची, वॉर्साची. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी ते शहर ठरवून जमीनदोस्त केलं. तरी १९५३ मध्ये जुना बाजारचौक परत उभा होता, कारण वास्तुकलेच्या विद्यार्थी-शिक्षकांनी मापं घेऊन काढलेली ड्रॉइंग्ज प्योत्रकूव गावच्या मठात लपवून वाचवली होती. बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रंही वापरली. चित्रकार मात्र चित्र देखणं दिसावं म्हणून फेरफार करतोच, त्याच्या भरवशावर खिडकी बसवू नये.

गिरगावातली आपली चाळ पुनर्विकासाला जाण्याआधी तेवढं करून ठेवू. खोलीच्या चार भिंती मोजल्या तरी दोन्ही कर्ण घ्याच. नाहीतर कागदावर खोली काटकोनात येते, प्रत्यक्षात ती तशी नसते, आणि पाच-सहा खोल्या जोडल्या की जिना जुळत नाही. गॅलरीची लांबी एकाच टोकाला टेप धरून सलग वाचायची. टेप उचलून पुढे ठेवत गेलं की दर वेळी थोडी चूक साठते. भिंतीची जाडी खिडकीत कळते. नक्षीच्या ब्रॅकेटचा नुसता फोटो पुरत नाही, नक्षी किती खोल आहे ते कळत नाही. बाजूने पुठ्ठा लावून आकार आखा. आधी रुपयाएवढी जागा खरवडून बघा, रंगाच्या थरांनी निम्मी नक्षी बुजलेली असते. खरवडताना रंग ओला ठेवा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

बाबा, स्टुलावर चढायचं नाही. वरची मापं मी रविवारी येऊन घेते.

आई, तुमच्या लग्नाचा अल्बम काढून ठेव. फ्राउएनकिर्शची दारं करताना लोकांचे जुने लग्नाचे फोटो कामी आले होते. तुमच्या वरातीच्या फोटोत मागे जुना कठडा आहे, लोखंडी नळ्या लावण्याआधीचा. फोटो पानावरून ओढून काढू नकोस, चिकटलेला कागद फाटतो. पानासकट दे.

तुमची,
मनू