गुणतालिकेचा तळही छापावा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात युरोपातील बंडखोर फुटबॉल लीगविषयी एक पत्र प्रसिद्ध झाले. ज्याने पैसा घातला त्याने आपला क्लब कोठे खेळवायचा ते ठरवावे, तिकीट काढणाऱ्याने त्यात लुडबुड करू नये, असा त्याचा आशय होता. मालकांनी पैसा घातला, हे मला मान्य आहे. त्या पैशात त्यांनी नेमके काय विकत घेतले, एवढाच माझा प्रश्न आहे.

१७ एप्रिल २०२१ रोजी बेळगाव लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे मतदान झाले. दुसऱ्या दिवशी रात्री, आपल्याकडे सारे निजलेले असताना, इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन आणि इटलीचे तीन अशा १२ बड्या क्लबांनी ‘सुपर लीग’ची घोषणा केली. सकाळी चहाच्या वेळी पुतण्याने मोबाइल माझ्यापुढे धरला, तेव्हा माझ्या बोटावरची मतदानाची शाई तशीच होती. हा मुलगा इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा कट्टर चाहता. मध्यरात्रीनंतरचे सामने आवाज बंद करून पाहणारा. त्याच्या क्लबचे नाव त्या बारांत होते, तरी त्याचा चेहरा उतरला होता. ‘‘काका, आता हरलं तरी चालणार म्हणे,’’ एवढेच तो म्हणाला. त्यानंतर या विषयावर मी पुष्कळ वाचले, पण योजनेचे याहून अचूक वर्णन माझ्या वाचनात आले नाही.

योजना अशी होती : २० संघांच्या स्पर्धेत १५ जागा कायमच्या राखीव, उरलेल्या पाच जागांसाठी बाकीच्या साऱ्या युरोपने झगडायचे. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबचे फ्लोरेंतिनो पेरेझ अध्यक्ष, जे.पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेचे पाठबळ आणि संस्थापक क्लबांना ३.५ अब्ज युरो. कायमची जागा घेणाऱ्या या बारांतील आर्सेनल त्या दिवशी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, नवव्या स्थानावर होता. त्यांतल्याच टॉटनहॅमने इंग्लंडचे लीग विजेतेपद १९६१ नंतर मिळवलेले नव्हते. मँचेस्टर सिटीचे उदाहरण तर पत्रलेखकांनी अवश्य पाहावे : १९९८-९९च्या हंगामात हा क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. तेथून तो वर आला, कारण जिंकून वरच्या श्रेणीत येण्याची वाट उघडी होती. पुढे गडगंज मालक मिळाल्यावर तीच वाट मागून येणाऱ्यांसाठी बुजवायला हा क्लब निघाला.

१८८८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाही संस्थापक क्लब १२च होते. प्रेस्टन, अ‍ॅस्टन व्हिला, बर्नली, एव्हर्टन, स्टोक आणि इतर. या बारांपैकी एकाचेही नाव २०२१च्या बारांत नाही. स्टोक सलग दोन हंगाम तळाला राहिला आणि १८९० मध्ये मतदानाने त्याला बाहेर काढून सुंदरलँडला घेतले गेले. संस्थापक म्हणून कोणी त्याला धरून ठेवले नाही.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. तीसेक वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका गावी पावसाळी स्पर्धेसाठी आमच्या गल्लीचा संघ टेम्पोच्या हौद्यात बसून गेला होता. बूट सहा जणांकडे होते, बाकीचे अनवाणी. दीड दिवसात तीन सामने जिंकून आम्ही उपांत्य फेरीत पोहोचलो, तेव्हा कळले की समोरचा संघ चषक आणि बक्षिसाची रक्कम देणाऱ्या देणगीदाराचा असून त्याला थेट याच फेरीत प्रवेश दिलेला आहे. ते खेळाडू मांडवात बसून गरम भजी खात होते, त्यांच्या बुटांना मातीचा कणही नव्हता. आम्ही घोट्यापर्यंत चिखलात. तीन गोलांनी हरलो. हरण्याची सवय आम्हाला होतीच. पण आयोजकांनी, ‘‘अरे, त्यांच्यामुळेच तर ही स्पर्धा उभी राहिली,’’ असे समजावले, तेव्हा आमच्या गोलकीपरने विचारले, ‘‘मग कालपासून आम्ही कुणाच्या स्पर्धेत खेळत होतो?’’ त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी निम्मे संघ तिकडे फिरकलेच नाहीत, आमचाही नाही.

स्पर्धा देणगीदाराची, की हरून परतणाऱ्या सगळ्या संघांचीही, हाच प्रश्न २० एप्रिलच्या संध्याकाळी लंडनच्या रस्त्यावर विचारला गेला. कोरोनामुळे स्टेडियम प्रेक्षकांना बंद होते, म्हणून बारांपैकीच एक असलेल्या चेल्सीचे चाहते मैदानाबाहेर जमले आणि त्यांनी ब्रायटनविरुद्धच्या सामन्यासाठी येणारी आपल्याच संघाची बस अडवली. क्लबचा माजी गोलकीपर पीटर चेक याला हात जोडावे लागले, ‘थोडा वेळ द्या’ म्हणून. लक्षात घ्या, या लोकांच्या क्लबला कायमची जागा मिळणार होती. आपल्या फायद्याच्या निर्णयाविरुद्ध माणसे रस्त्यावर उतरली, हे दृश्य राजकारणातही क्वचितच दिसते. त्याच रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी चित्रफितीद्वारे चाहत्यांची माफी मागितली. पुतण्याने ती एकदाच पाहिली.

बारांतल्याच मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांचा राग मात्र त्याआधीचा होता. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना हा क्लब घेतला, पण बहुतांश रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा वाटा क्लबच्याच डोक्यावर बसला. खरेदीपूर्वी क्लबवर कर्ज नव्हते. एखाद्याने वाडा विकत घ्यावा, त्याचे कर्ज वाड्याच्याच नावावर चढवावे आणि हप्ते बिऱ्हाडकरूंच्या भाड्यातून फेडावेत, तसलाच हा व्यवहार. काही चाहत्यांनी त्याच वर्षी वेगळे होऊन स्वतःचा छोटा क्लब काढला. २ मे २०२१ रोजी उरलेले चाहते क्लबच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर घालून क्लबच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या दिवशी काही जणांनी केलेल्या हुल्लडबाजीचे समर्थन मी करणार नाही. मात्र १६ वर्षे अर्ज-विनंत्या करून थकलेल्या माणसांचा तो राग होता, हेही विसरता येत नाही.

क्लब सभासदांच्या हाती दिला की सारे सुरळीत होते, असेही नाही. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे दोन्ही क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत, तरी इतरांनी माघार घेतल्यावरही सुपर लीगचा हट्ट धरून बसलेल्यांत हेच दोघे पुढे होते. आपल्या भागातील सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा पाहिलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. अहवाल वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’ होते आणि माणसे जेवायला उठतात. जर्मनीत मात्र क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहावे असा नियम १९९८ पासून आहे, त्याला एक-दोन अपवाद आहेत, आणि तेथील बायर्न म्युनिक व डॉर्टमुंड हे बडे क्लब या बंडात सामील झाले नाहीत. युरोपचा फुटबॉल महासंघही काही धुतल्या तांदळाचा नाही. नव्या स्पर्धांना आधी आमची परवानगी घ्या, हा त्याचा आणि जागतिक महासंघाचा नियम युरोपीय न्यायालयाने २१ डिसेंबर २०२३ रोजी बेकायदा ठरवला. त्या निकालाने सुपर लीगला मान्यता मिळाली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

अखेर इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये कायदाच झाला. वरच्या पाच श्रेणींतील क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आला, बंदी घातलेल्या स्पर्धेत क्लबाला जाता येत नाही आणि बोधचिन्ह किंवा पोशाखाचा रंग बदलण्यापूर्वी चाहत्यांचे मत घ्यावे लागते. मालकाची मालकी कायम आहे. ती कोठवर चालते, एवढे ठरले.

‘हे सारे तिकडचे, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्यांनी चोर्ला घाट उतरून गोव्यात चौकशी करावी. धेंपो हा क्लब पाच वेळा देशाचा विजेता होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तिच्या पहिल्या नऊ हंगामांत मैदानावर जिंकून खालून वर येण्याची वाटच ठेवलेली नव्हती, आणि हीच देशाची प्रमुख लीग होणार हे दिसू लागल्यावर २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी निषेध म्हणून आय-लीग, म्हणजे तोवरची देशाची प्रमुख लीग, सोडली. त्यांच्यासाठी कोणी बस अडवली नाही. आय-लीग जिंकून पंजाबचा संघ वरच्या लीगमध्ये आला, तो २०२३ मध्ये.

जाता जाता एक विनंती. आपल्या क्रीडा पानावर प्रीमियर लीगची गुणतालिका पहिल्या सहा संघांपाशी कापलेली असते. जागेची अडचण मी जाणतो, परंतु दर हंगामात तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत खरी झुंज तेथेच चालते. तेवढ्या तीन ओळी वाढवाव्यात. आमच्या घरी पान उघडले की पुतण्या आधी तेथेच पाहील.

आपला विश्वासू,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव