तुझ्या कागदावर माझं नाव

चि. सोहम,

'चि.' लिहिलं आणि पेन थांबलं. तुझ्या मुंजीच्या पत्रिकेवर हे अक्षर पहिल्यांदा छापलं होतं. आज त्याचा अर्थ टोचला, पण खोडलं नाही. आईने ते लिहायचंच.

समोरासमोर बोलायला बसलो की मला रडू येतं आणि तू मॅचचा स्कोअर विचारतोस, म्हणून हे पत्र. आजार वाढला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे मंगळवारी तू टॅबवर लिहून मला वाचायला दिलंस. गळ्याला भोक पाडून नळी नको. तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटर नको. हृदय थांबलं तर छाती दाबून, शॉक देऊन ते सुरू करायला नको. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, चालेल, सलाइन, अँटिबायोटिक चालेल, दम लागला तर मॉर्फीन चालेल. आणि सगळ्यात खाली, तुला बोलता येईनासं झालं तर तुझ्या वतीने बोलणारी व्यक्ती: आई.

त्या एका शब्दापाशी मी किती वेळ बसले होते, तुला सांगता येणार नाही.

आधी जुलैचं बोलू. न्यूमोनियाने तुला आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "आई, नळी घालायची वेळ आली तर परवानगी आहे ना?" मी फॉर्मवर सही केली. तू चार पावलांवर होतास, मास्क लावलेला, पूर्ण जागा. दार उघडं होतं. त्यांनी तुला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्याशी बोलायचं आणि खुर्चीतल्या माणसाशी नाही, याचा तुला लहानपणापासून राग. तेच मी केलं. घरी आल्यावर तू म्हणालास, "आई, सही माझी हवी होती." तेव्हा मी चिडले. एवढं सगळं करून वर हे ऐकायचं, असं वाटलं.

वकीलकाकांनी नंतर मला सुप्रीम कोर्टाचा २००८ सालचा एक निकाल वाचायला दिला. भूल दिलेल्या एका बाईच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी मोठी शस्त्रक्रिया करून टाकली होती. कोर्टाने म्हटलं, ती सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती चालणार नाही. ते पान मी तीनदा वाचलं. माझी चूक झाली, सोहम.

आजीला हे पटत नाही, ते तू ऐकलंच आहेस. पण तिच्याच सासऱ्यांनी, तुझ्या पणजोबांनी, शेवटच्या आजारपणात दवाखान्यात जायला साफ नकार दिला होता. ओसरीवरच्या खाटेवर गेले. गाव अजून म्हणतं, भाग्यवान माणूस. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने नको म्हटलं की ते शहाणपण, आणि एकवीस वर्षांच्या मुलाने म्हटलं की निराशा, असं आपण धरून चालतो. मीही तेच धरलं होतं. म्हणूनच तुला पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरबाईंकडे एकट्याला बसवलं, आम्ही दोघं बाहेर. तासाभराने त्या मला म्हणाल्या, "त्याला सगळं नीट कळलंय. तुम्हाला काही विचारायचंय का?"

विचारलं. गळ्यात नळी असलेली डीएमडीची, तुझ्यासारखाच स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार असलेली, मुलं बरीच वर्षं जगतात, त्यातली काही आनंदात असतात, हेही त्यांनी लपवलं नाही. तूही ते वाचलं होतंस. मग मी छाती दाबण्याबद्दल विचारलं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल. धडधाकट माणसाच्याही बरगड्या मोडतात. तुझी हाडं इतक्या वर्षांच्या स्टेरॉइडने ठिसूळ झालेली, पाठ वाकलेली. रात्री तीनदा तुला कुशीवर वळवताना मी हात कुठे ठेवते आणि कुठे नाही, हे माझ्या बोटांना पाठ आहे. त्या जागी कुणी पूर्ण जोर देऊन दाबतंय, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

कायद्याचं मला आता बऱ्यापैकी कळतं. अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर भान हरपलेल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. त्यांना मरू द्यावं का, याचा निकाल २०११ च्या मार्चमध्ये आला तेव्हा तू लहान होतास. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षं जिवापाड सांभाळलं, त्यांच्या बाजूने मी हिरिरीने भांडले होते, आणि त्यांच्या मायेबद्दल आजही तसंच वाटतं. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच कळणार नव्हतं. १९७३ च्या त्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्या होत्या, आणि सगळे त्यांच्याविषयी बोलत राहिले. तुझा कागद आहे, हे मी आता तुझं नशीब समजते.

९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हे जगण्याच्या हक्कातच येतं, आणि सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला उपचार नाकारता येतात. ही आत्महत्या नाही. माणूस त्याच्या आजाराने जातो. तू बोलू शकतोस तोवर तुझा शब्दच पुरेसा. कागद लागेल तो त्यानंतर. तेव्हा डॉक्टरांची दोन मंडळं बसतील, पाहतील, आणि मला विचारतील.

मी तेव्हा तुझ्या कागदात आहे तेच सांगेन. माझा आवाज फुटेल, पण शब्द तेच असतील.

एकच गोष्ट मला खरी सांग. यातलं काही तू आमच्यासाठी तर लिहिलं नाहीस ना? बाबांनी विकलेला प्लॉट, माझी सोडलेली नोकरी, यांचा हिशेब तू मनात मांडला असशील, तर तो चुकीचा आहे आणि त्यावर सही करू नकोस. तो प्लॉट विकला त्या संध्याकाळी बाबा तुझ्यासाठी जिलबी घेऊन आले होते, आठवतं? नळी तुला स्वतःला नको असेल, तर नको. आम्हाला झेपणार नाही म्हणून नको असेल, तर आम्हाला झेपेल. आणि उद्या मन बदललं तर लेखी रद्द करता येतं, कितीही वेळा. मी 'का' विचारणार नाही.

बाबांचंही नाव घाल. २०२३ पासून एकाहून जास्त माणसांची नावं देता येतात. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण मंगळवारी रात्री ते बराच वेळ गच्चीवर होते.

शनिवारी साडेअकराला नोटरी घरी येतील, त्यांच्या ऑफिसला लिफ्ट नाही. साक्षीदार म्हणून शेजारचे सर आणि तुझ्या नाटकातला मित्र येणार आहेत. एक प्रत महापालिकेत द्यायची, एक डॉक्टरबाईंकडे, एक माझ्या पर्समध्ये. आंघोळ नऊलाच उरकू म्हणजे तू दमणार नाहीस. पॅड मी धरेन, जाड पेन काढून ठेवलंय. सही तू कर.

तुझी,
आई